सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट : कागद फुकट मिळतो, बाकीचं रुग्णालयाला जमवावं लागतं

एक पान, तीन रकाने, १९ मुद्दे, किंमत शून्य. जागतिक आरोग्य संघटनेने जून २००८ मध्ये जाहीर केलेली आणि २००९ मध्ये सुधारलेली सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आज असंख्य ऑपरेशन थिएटरांत (ओटीत) कुठे ना कुठे दिसतेच. कधी भिंतीवर, कधी केसपेपरला टाचलेली, कधी संगणकाच्या पडद्यावर. दिसते म्हणून वापरली जाते असं मात्र धरून चालू नये. सर्जन अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने ती तयार केली. आमचं मत आधीच सांगून टाकतो : साधन म्हणून ती उत्तम आहे, पण नुसती छापून वाटली तर तिचा उपयोग जवळपास नाही. मग दोष यादीच्या माथी मारला जातो, आणि ज्यांनी ती वाटली ते नामानिराळे राहतात.

आधी वस्तू बघू. यादीत तीन थांबे आहेत.

पहिला, साइन इन, भूल देण्याआधी. निदान नर्स आणि भूलतज्ज्ञ समोर हवेत. रुग्णाने स्वतःच्या तोंडाने नाव, ऑपरेशन, जागा आणि संमती सांगितली का, जागेवर खूण आहे का, भुलेचं मशीन आणि औषधं तपासून झाली का, पल्स ऑक्सिमीटर लावलाय आणि चालतोय का, कसली ॲलर्जी आहे का, श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाईल का किंवा पोटातलं फुफ्फुसात उतरण्याचा धोका आहे का. शेवटी रक्ताचा प्रश्न : ५०० मिलीपेक्षा जास्त जाईल का? लहान मुलांसाठी हा आकडा वजनाच्या दर किलोमागे ७ मिली. उत्तर 'हो' असेल तर दोन शिरांत सुया किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि सलाइनची तयारी आत्ताच हवी. रक्तदाब पडल्यावर शिरा सापडत नाहीत, म्हणून हा प्रश्न इतक्या लवकर येतो.

दुसरा, टाइम आउट, चीर देण्याआधी. इथे सर्जनही हवा. प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. रुग्णाचं नाव, ऑपरेशन आणि चीर कुठे द्यायची हे पुन्हा एकदा मोठ्याने. अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत गेलंय का. सर्जनला विचारायचं : नेहमीपेक्षा वेगळी किंवा अवघड पायरी कोणती, वेळ किती लागेल, रक्त किती जाईल. भूलतज्ज्ञाला : या रुग्णाबद्दल काही काळजी? नर्सला : निर्जंतुकीकरणाचा इंडिकेटर पाहिला का, उपकरणांची काही अडचण? आणि लागणारे एक्स-रे किंवा स्कॅन समोर लावलेत का.

तिसरा, साइन आउट, रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी. केलेल्या ऑपरेशनचं नाव, उपकरणं, मॉप (रक्त टिपायची कापडं) आणि सुया यांची मोजणी, नमुन्यावरचं लेबल रुग्णाच्या नावासह मोठ्याने वाचून, बिघडलेली उपकरणं, आणि पुढच्या काही तासांत या रुग्णाच्या बाबतीत कशावर लक्ष ठेवायचं.

सरावलेल्या टीमला एका थांब्याला मिनिटभर लागतं. 'आमच्याकडे वेळ नसतो' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण घड्याळ लावून पाहिलं तर वेळ प्रश्नांत जात नाही, माणसं एकत्र येण्याची वाट पाहण्यात जातो. ते दुखणं यादीचं नाही, ओटीच्या वेळापत्रकाचं आहे, आणि वेळापत्रक व्यवस्थापनाच्या हातात असतं.

आता काम करते का? जानेवारी २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नवी दिल्ली, मनिला, अम्मान, टांझानियातलं इफाकारा होतं, तसं लंडन, टोरांटो, सिएटल आणि ऑकलंडही. यादी आणल्यानंतर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं. त्याच अभ्यासातला एक आकडा फारसा कुणी सांगत नाही. सुरक्षिततेच्या सहा ठरावीक गोष्टी सगळ्या केल्या गेल्या अशा केसेस आधी ३४.२ टक्के होत्या, यादीनंतर ५६.७ टक्के. म्हणजे अभ्यास चालू असताना, सगळ्यांचे डोळे लागलेले असतानासुद्धा चाळीस टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये काही ना काही राहूनच गेलं.

मग कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने यादी सक्तीची केली. तिथल्या १०१ रुग्णालयांचे आकडे २०१४ मध्ये आले : मृत्यूचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशोबाने फरक नाही. यादी वापरल्याचं रुग्णालयांनी स्वतः कळवलेलं प्रमाण मात्र नव्वद टक्क्यांच्या वर होतं. आता याच्या शेजारी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा २०१० चा अभ्यास ठेवून पाहा. तिथे अशाच प्रकारच्या यादीच्या आधी दोन महिने तयारी झाली, मग एक पूर्ण दिवस सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स आणि तंत्रज्ञ यांना एकत्र बसवून प्रशिक्षण, आणि पुढे वर्षभर दर तीन महिन्यांनी फोनवरून पाठपुरावा. प्रशिक्षण घेतलेल्या ७४ रुग्णालयांत मृत्यू १८ टक्क्यांनी घटले, न घेतलेल्यांत ७ टक्क्यांनी. हे अभ्यास काही चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे 'एवढे जीव यादीनेच वाचवले' असं छातीठोक सांगता येणार नाही. पण दोन्हीकडे याद्याच असताना निकाल इतका वेगळा कसा, हा प्रश्न राहतोच, आणि ओटीत काम करणाऱ्यांना त्याचं उत्तर ठाऊक असतं.

सर्वांत मोठी खोट म्हणजे आगाऊ टिक मारणं. सकाळी पहिल्या केसच्या आधीच तिन्ही रकाने भरून ठेवलेले असतात, मोजणी 'बरोबर' असल्याचीही टिक, पोट अजून उघडायचंय! संगणकावरची यादी असेल तर हे पकडणं सोपं आहे. टाइम आउटची नोंद आणि चिरेची वेळ, साइन आउटची नोंद आणि शेवटच्या टाक्याची वेळ शेजारी शेजारी लावा. तिन्ही थांबे एकाच मिनिटात नोंदलेले दिसले तर तिथे यादी वापरली जात नाही, भरली जाते.

दुसरी खोट अर्ध्या टीमची. सर्जन बाहेर हात धुतोय, भूलतज्ज्ञ फोनवर, सर्क्युलेटिंग नर्स (लागेल ते आणून देणारी) शेजारच्या ओटीचीही जबाबदारी सांभाळतेय, आणि टाइम आउट 'झाला'. यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे टाइम आउट पूर्ण होईपर्यंत स्क्रब नर्सने (सर्जनच्या हातात उपकरणं देणारी) ब्लेड हातात द्यायचं नाही. नियम एका वाक्याचा आहे, पण तो टिकतो की नाही हे पहिल्यांदा एखादा ज्येष्ठ सर्जन चिडतो त्या दिवशी ठरतं. त्या दिवशी मेट्रनने आणि वैद्यकीय अधीक्षकांनी नर्सच्या बाजूने उभं राहायचं. तसं झालं नाही तर दुसऱ्या दिवसापासून कुणीही ब्लेड अडवणार नाही, आणि भिंतीवरची यादी नुसती शोभेची.

ओळख करून देण्याच्या मुद्द्याची चेष्टा सर्वांत जास्त होते. 'रोज एकत्र काम करतो, नावं काय सांगायची?' मुद्दा नावाचा असतोच कुठे. ज्याने एकदा तोंड उघडलंय तो पुढे काही चुकताना दिसलं तर बोलण्याची शक्यता जास्त, यासाठी तो ठेवलाय. नवा निवासी डॉक्टर किंवा बदलीवर आलेल्या सिस्टरच्या बाबतीत हे उघड दिसतं. सर्जनने आधी स्वतःचं नाव सांगितलं तर बाकीच्यांना लाज वाटत नाही. माणसं खरोखर तीच असतील तर दिवसाच्या सुरुवातीला एकदा ओळख करून नावं फळ्यावर लिहावीत, आणि मध्ये कुणी बदललं की तेवढ्यापुरती पुन्हा करावी.

प्रश्न विचारायच्या पद्धतीतही बरंच बिघडतं. 'उजवाच गुडघा ना?' म्हटलं की घाबरलेला रुग्ण 'हो' म्हणतो. 'कुठलं ऑपरेशन आहे, कुठल्या बाजूचं?' असं विचारून त्याला सांगू द्यावं. 'ॲलर्जी नाही ना?' ऐवजी 'कुठल्या औषधाचा कधी त्रास झाला होता?' आणि 'अँटिबायोटिक दिलं का?' ऐवजी 'कोणतं, किती वाजता?'

अँटिबायोटिकवर जरा थांबू, कारण टीमवर्क आणि व्यवस्थापन दोन्ही इथे एकाच ठिकाणी उघडे पडतात. सेफाझोलिनसारखं औषध चिरेच्या आधीच्या ६० मिनिटांत जायला हवं. व्हँकोमायसिन हळूहळू, तासाभरात किंवा त्याहून जास्त वेळात सोडावं लागतं, म्हणून ते १२० मिनिटांच्या आत सुरू करतात. हातापायाच्या ऑपरेशनमध्ये टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) आवळण्याआधी औषध पूर्ण गेलेलं हवं, नाहीतर ते त्या भागात पोचतच नाही. सेफाझोलिन दिलेलं असेल आणि ऑपरेशन चार तासांच्या पुढे गेलं किंवा रक्त खूप गेलं तर दुसरा डोस. त्याची आठवण ही यादी करून देत नाही. आता नेहमीचं चित्र बघा. वॉर्डातून 'ऑन कॉल' (ओटीतून बोलावणं आलं की द्यायचा) डोस आठ वाजता दिला जातो, आधीची केस लांबते, रुग्ण टेबलावर येतो पावणेअकराला. वॉर्डातल्या नोंदीत औषध 'दिलं', यादीवर टिक, आणि मुदत केव्हाच उलटलेली. इथे नर्स चुकली नाही, भूलतज्ज्ञही चुकला नाही. पहिला डोस वॉर्डात द्यायची पद्धतच चुकीची आहे. डोस ओटीत, भूलतज्ज्ञाच्या हातून, असं एकदा ठरवून औषधांची ट्रॉली तशी भरली की प्रश्न सुटतो. हे कुणा एकाला ओरडून होत नाही. फार्मसी, वॉर्ड आणि भूल विभाग यांना एका टेबलावर बसवणारा माणूस लागतो.

मॉपच्या मोजणीचंही तसंच. शरीरात मॉप राहिल्याच्या बहुतेक घटनांत मोजणी 'बरोबर' असल्याची नोंद असते, म्हणजे चूक न मोजण्याची नसते, मोजता मोजता होते. दोघांनी मिळून, डोळ्यांनी बघत आणि मोठ्याने मोजायचं : सुरुवातीला, पोकळी बंद करण्याआधी, त्वचा शिवण्याआधी, आणि ड्युटी बदलताना. मध्येच कुणी काही मागितलं आणि मोजणी तुटली तर ती वस्तू पुन्हा पहिल्यापासून. वापरलेले मॉप बादलीत ढीग करून ठेवू नयेत, कप्प्यांच्या पिशवीत एकेक लावावेत, म्हणजे रिकामा कप्पा लांबूनही दिसतो. सर्जनने मोजणीआधी पोकळी स्वतः हाताने चाचपायची. मेळ बसला नाही तर शिवणं थांबवायचं, शोधायचं, तरी सापडलं नाही तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा त्यासाठीच असतो. हे सगळं सर्वांना पाठ आहे. पण दुपारी तीननंतर, दोन केसेस उरलेल्या असताना, 'असेल बादलीत, शिवून घ्या' हे वाक्य येतं. ते कोण रोखतं, यावर रुग्णाचं नशीब.

नमुन्याच्या बाटलीबद्दल एकच सूचना : लेबल बाटलीवर लावा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात.

यादीत खरीखुरी भोकंही आहेत. साइन इन झाल्यावर आणि टाइम आउटच्या आधी भूलतज्ज्ञ हातापायाला किंवा मांडीला नर्व्ह ब्लॉक (तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन) देतो. मध्ये रुग्णाची कूस बदललेली असते, खूण चादरीखाली गेलेली असते, आणि सुई चुकीच्या बाजूला जाते. यादी इथे काहीच विचारत नाही. म्हणून सुई टोचण्याच्या अगदी क्षणभर आधी, भूलतज्ज्ञ आणि मदतनीस दोघांनी खूण पाहून बाजू म्हणायची, हा चौथा छोटा थांबा स्वतंत्रपणे बसवावाच लागतो. मणक्याच्या ऑपरेशनात बाजूच्या खुणेने भागत नाही. कितवा मणका हे ओटीतच एक्स-रेखाली मोजून घ्यावं लागतं, आणि यादीत तेही नाही.

दिवसाच्या सुरुवातीची बैठक मूळ यादीत नाही, हे दुसरं भोक. इंग्लंडमध्ये २०१० मध्ये पाच पायऱ्यांची पद्धत आली : आधी ब्रीफिंग, मग हे तीन थांबे, शेवटी डीब्रीफिंग, म्हणजे आढाव्याची बैठक. आमच्या मते ब्रीफिंगशिवाय यादी अर्धीच आहे. सकाळी पाच-दहा मिनिटं, पहिला रुग्ण आत यायच्या आधी, त्या दिवसाच्या ऑपरेशनांची सगळी लिस्ट समोर ठेवून : कुठल्या केसला रक्त लागेल, इम्प्लांट आलंय का, सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) कुठे आहे, आयसीयूत खाट नक्की आहे का. चिरेच्या क्षणी इम्प्लांट नसल्याचं कळणं म्हणजे यादीला उशिरा बोलावलं असं समजायचं.

आणि मग साइन आउट, जो सर्वांत जास्त वगळला जातो. सर्जन शेवटच्या टाक्याआधी निघून गेलेला असतो, भूलतज्ज्ञ रुग्णाला जागं करण्यात गुंतलेला. वेळ बदलली तर जमतं : त्वचा शिवायला सुरुवात होते त्या क्षणी साइन आउट करावा, तेव्हा सगळे तिथेच असतात. पण वगळण्याचं अधिक खोल कारण वेगळं आहे. 'डायथर्मीचं (विजेने रक्त थांबवणाऱ्या यंत्राचं) पेडल अडकतंय' असं एखादी सिस्टर सांगते. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगते. पेडल तेच. तिसऱ्या वेळी ती सांगत नाही, आणि 'उपकरणांची अडचण : नाही' अशी टिक पडते. व्यवस्थापनाला आकडे छान दिसतात. हा प्रश्न जिवंत ठेवायचा तर एक वही लागते, तिच्यात तक्रार, जबाबदार माणूस आणि कधी दुरुस्त झालं हे तीन रकाने, आणि दर आठवड्याला ती वही ओटीतच वाचून दाखवायची. दुरुस्ती झाली नसेल तर का नाही, तेही. आमच्या पाहण्यात यादीचं भवितव्य सर्वांत जास्त या वहीवर अवलंबून असतं.

व्यवस्थापनाकडून होणारी दुसरी चूक मोजण्याची. 'यादीचं पालन १०० टक्के' हा आकडा मागितला की तो मिळतोच. त्याऐवजी महिन्यातून दहा-बारा केसेस कुणीतरी ओटीत उभं राहून बघाव्यात : सगळे थांबले का, प्रश्न उत्तर मागणारे होते का, संगीत बंद झालं का, कुणी शंका काढली तर तिचं काय झालं. आणि घटना-नोंदींचा आकडा वाढला की घाबरू नये. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीमांमध्ये चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. तिथे लोक चुका लपवत नव्हते. नोंद करणाऱ्यावर कारवाई करणाऱ्या रुग्णालयात शून्य घटना दिसतात, आणि ते शून्य कुणी खरं मानू नये.

यादी ओटीच्या दारात संपते, रुग्णाचा धोका मात्र तिथून पुढे वाढतो. अमेरिकेतल्या २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात सर्वांत कमी आणि सर्वाधिक मृत्यू असलेल्या रुग्णालयांची तुलना केली. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंती दोन्हीकडे जवळपास सारख्याच : २४.६ आणि २६.९ टक्के. फरक पडला पुढे. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी एकीकडे १२.५ टक्के दगावले, दुसरीकडे २१.४ टक्के. रात्री अडीचला नाडी वाढल्याचं कुणी पाहिलं, कुणाला फोन केला, तो उचलला का, इथे हा फरक पडतो. नर्सकडे किती रुग्ण आहेत हेही त्यातच आलं. नऊ युरोपीय देशांच्या २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात एका नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. एका नर्सला दोन वॉर्ड देऊन ओटीत मात्र रंगीत यादी लावणाऱ्या व्यवस्थापनाने हा आकडा एकदा वाचावा. ओटीतून आयसीयूत सोपवणीसाठी वेगळी पद्धत लागते : आधी मॉनिटर आणि व्हेंटिलेटर जोडून घ्यायचे, मग सगळे गप्प, मग एकाने सांगायचं, शेवटी घेणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. जोडाजोड आणि बोलणं एकाच वेळी चाललं की माहिती गळते.

यादी कोणत्या रूपात घ्यायची आणि सुरू कशी करायची? भिंतीवर, टेबलाजवळून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लावलेली यादी आम्हाला सर्वांत सरस वाटते, कारण ती बघून मोठ्याने वाचावीच लागते. टाचलेला कागद खिशात किंवा फाइलमध्ये जातो. संगणकाची यादी नोंदीसाठी ठीक, पण वाचणाऱ्याची पाठ टीमकडे होते. नोंद हवीच असेल तर तिन्ही थांब्यांची वेळ आणि वाचणाऱ्याचं नाव, एवढी पुरे. यादीच्या तळाशीच लिहिलंय की स्थानिक गरजेनुसार बदल करावेत, तेव्हा बदला. मात्र एक मुद्दा घातला तर एक काढा, चाळीस मुद्द्यांची यादी कुणी ऐकत नाही. ओळख, बाजू, मोजणी आणि ऑक्सिमीटर यांना हात लावू नये. सगळ्या ओटीत एकदम सुरू करू नका. एक ओटी, एक तयार असलेला सर्जन, दोन आठवडे, रोज संध्याकाळी काय अडलं ते लिहून यादी सुधारायची, मग पुढची ओटी. तयार सर्जनच सापडत नसेल तर छपाई थांबवा आणि आधी त्याला शोधा.